घुटीचं पहिलं बोट

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला केव्हातरी आम्हा प्राथमिक शिक्षकांचं एक शिबिर भंडाऱ्याला भरलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी वांग्याची भाजी आणि पोटभर भात असा डोळे मिटवणारा बेत झाला आणि त्यानंतर बाहेरगावाहून आलेले एक साहेब फळ्यापाशी उभे राहिले. त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मूल्ये बिंबवणे'. मग अर्धा तास त्यांनी बिंबवण्याबद्दल सांगितलं. एकदम नाही, थोडं थोडं, रोज, मुलाच्या नकळत बिंबवायचं. तो शब्द ते इतक्यांदा उच्चारत होते की माझ्या शेजारच्या गुरुजींनी वहीत काड्या मारायला सुरुवात केली. काड्या चाळिसाच्या पुढे गेल्यावर त्यांनाही झोप लागली.

मी हात वर केला. मला हात वर केल्याशिवाय राहवत नाही, हा माझा जुना रोग आहे.

"साहेब, हा शब्द आला कुठून?"

"बिंबावरून," साहेब खूश होऊन म्हणाले. "बिंब, प्रतिबिंब. गुरूचं बिंब शिष्याच्या मनात पडतं."

"पण बिंब तर एकदम पडतं. आरशासमोर गेलं की पडलं, बाजूला झालं की गेलं. तुम्ही म्हणता थोडं थोडं द्यायचं आणि ते जन्मभर टिकलं पाहिजे. मग हा शब्द कसा चालेल?"

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "तुमच्याकडे दुसरा शब्द आहे का?"

"आहे. पाजणे. आमच्याकडे म्हणतात, अमक्याला अमुक गोष्ट घुटीतच पाजली."

"तो बोलण्यातला शब्द झाला. कागदावर शोभत नाही."

मी काही बोलणार, तेवढ्यात शेजारचे गुरुजी जागे झाले. ते आमच्या पवनीकडचेच, घरच्यांच्या ओळखीचे. डोळे चोळत ते म्हणाले, "बाई, तुमाले घुटी कोनं पाजली ते सांगा ना साहेबाले."

मागच्या दोन ओळी हसल्या. त्यांना ठाऊक होतं. साहेबांना ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी विषय बदलला, एकेक कोरा कागद वाटला आणि सांगितलं, "आपण मूल्ये कशी बिंबवाल, ते अर्ध्या पानात लिहा." मी कागद समोर घेऊन बसले. लिहायला जे आठवत होतं ते अर्ध्या पानात मावणारं नव्हतं.

घुटी म्हणजे काय हे आमच्याकडच्या बायांना सांगावं लागत नाही. सहाणेवर आईच्या दुधात हिरडा, जायफळ, वेखंड, मुरडशेंग, हळकुंड असं एकेक उगाळायचं. कशाचे दोन वेढे, कशाचा एकच, आणि वेखंडाचा तर अर्धाच, हे मोजमाप सुईणीच्या तोंडी. मग ते बोटानं बाळाच्या जिभेवर ठेवायचं. थेंबभर आज, थेंबभर उद्या. हा शब्द घोटावरून आला की घोटण्यावरून, हे मी नोकरीला लागल्यावर शाळेतल्या जुन्या शब्दकोशात शोधून पाहिलं आणि माझं समाधान झालं नाही. बाया दोन्ही करतात. आधी घोटतात, मग घोट देतात. पाजण्याचं मात्र सरळ आहे. पिणं हे पिणाऱ्याचं काम, पाजणं हे दुसऱ्या कोणाचं. म्हणजे पाजायचं म्हटलं की समोर एक माणूस लागतो आणि तो कोण हा प्रश्न आलाच.

आमच्या भागातली खरी भानगड इथेच होती. घुटीचं पहिलं बोट ज्या माणसाचं, त्याचा स्वभाव बाळात उतरतो, असं सगळे मानत. घुटी काय, कोणीही उगाळो. बोट कोणाचं ते महत्त्वाचं. त्यामुळे बाळ जन्मायच्या आधीपासून घरात खल चाले. नावाचं मागून पाहू, आधी बोट ठरवा. शांत, समंजस, लेकुरवाळी, भांडणतंटा न करणारी अशी बाई गावात एखादीच असायची आणि तिला दर महिन्याला कुठून ना कुठून बोलावणं यायचं.

माझ्यासाठी आमची चुलत आजी ठरली होती. आमचं घर अड्याळचं, धानाची शेती आणि घराच्या पुढच्या खोलीत किराण्याचं छोटं दुकान. चुलत आजी दोन घरं सोडून राहायची. ती कुत्र्यालाही 'सरक ना बापा' म्हणायची, हाड म्हणत नसे. पाचवीची पूजा झाली, दुसऱ्या दिवशी सकाळी मला आंघोळ घातली, सहाणेवर घुटी तयार झाली आणि चुलत आजी आंघोळीला तलावावर गेली ती गेलीच. वाटेत तिला कोणीतरी गाऱ्हाणं सांगायला थांबवलं आणि ऐकून घेणं तिला टाळता येईना. स्वभाव शांत असला की असं होतं.

इकडे मी भोकाड पसरलेलं. आणि त्याच वेळी सकाळच्या गाडीनं कारध्याहून माझी आत्या आली. वडिलांची मोठी बहीण. सगळे तिला आत्याबाई म्हणत. पायावर पाणी घेऊन ती आत आली, रडणारं पोर पाहिलं, सहाणेवरची घुटी पाहिली, "पोट्टी रडून राहिली अन् तुमी वाट कोनाची पाहून राहिले?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता बोट माझ्या तोंडात घातलं. आई बाजेवरून अर्धी उठली म्हणतात. सुईण "अवो, अवो" करत राहिली. मी गप्प झाले आणि बोट चोखू लागले. चुलत आजी ओल्या लुगड्यानं दारात आली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

आत्याबाई कशी होती हे सांगायला एकच गोष्ट पुरे. ती एकदा कारध्याहून आमच्याकडे एक मोठं कोहळं घेऊन येत होती. कंडक्टर म्हणाला, सामानाचं तिकीट लागेल.

"मांडीवरच्या लेकराचं तिकीट लागते का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मंग हे माह्या मांडीवर आहे."

"बाई, ते कोहळं आहे."

"पाच वर्षांचं झालं का ते? अवंदाच्या सालचं आहे."

कंडक्टर म्हणाला, नियम आहे. ती म्हणाली, नियमात कोहळं लिहिलेलं दाखव. गाडी थांबली. लोक उतरून बिड्या ओढू लागले. शेवटी कंडक्टरनंच हात जोडले आणि कोहळं लहान मूल म्हणून अड्याळला उतरलं. पुन्हा त्याच गाडीला तोच कंडक्टर असला की तो तिला आधी जागा द्यायचा आणि मग घंटी मारायचा.

तिचे यजमान वैनगंगेच्या काठावर गळ टाकून बसत. त्यांना मासा मिळालेला कोणी पाहिला नाही, पण दिवस मावळल्याशिवाय ते घरीही येत नसत. दोघांना मूलबाळ नव्हतं. हे मी सहज लिहून गेले, पण या गोष्टीत ते फार महत्त्वाचं आहे. माझ्या जिभेवर ठेवलं ते आत्याबाईचं आयुष्यातलं पहिलं बोट होतं. आणि माझा स्वभाव जसजसा दिसू लागला तसतसं ते शेवटचं ठरलं.

कारण मी 'कायले', म्हणजे कशाला, हाच शब्द आधी शिकले. आंघोळ कायले, शाळेत जायचं कायले, भावाला दोन लाडू आणि मला एक, ते कायले. प्रत्येक कायलेला घरात एकच उत्तर मिळे, "आत्याबाईची घुटी बोलून राहिली." दुसरीत गुरुजींनी गणित चुकवलं ते मी सांगितलं, तेव्हा गुरुजी वडिलांकडे आले आणि वडिलांनी त्यांना खुर्ची देऊन सगळी हकिकत सांगितली, तलाव, चुलत आजी, ओलं लुगडं. गुरुजींचं समाधान झालं. गणित मात्र चुकीचंच राहिलं.

त्यानंतर आमच्या नात्यात कुठेही बाळ झालं की आत्याबाईला निरोप जायचा तो बाराव्या दिवशीचा. बारशाला या. घुटी सुरू होऊन आठवडा झालेला असे. कोणी तिला तोंडावर काही म्हणत नसे, तेवढी कोणाची हिंमत नव्हती. ती यायची, झबलं-टोपडं आणायची, पाळण्यापाशी बसायची आणि दोन्ही हात मांडीखाली घालून बसायची. लहानपणी मला ती तिची बसायची पद्धत वाटायची. मोठी झाल्यावर कळलं की बाळाच्या आईनं दचकू नये म्हणून ती हात दाबून ठेवायची. सगळ्या जगाशी भांडणारी बाई या एका गोष्टीवर कधी भांडली नाही.

सत्तरच्या दशकात माझी लग्नाची वेळ आली. मी शिक्षिकेचा कोर्स करून आले होते. पहिलं स्थळ आलं ते पवनीकडचं. पोहे झाले, नाव झालं, शिक्षण झालं. मग मुलाच्या वडिलांनी बशी खाली ठेवून विचारलं, "पोरीले घुटी कोनाची?" आमच्याकडे तेव्हा हे गोत्र विचारल्यासारखं विचारत.

आई म्हणाली, "तिच्या चुलत आजीची. गाय आहे बापा गाय."

आईनं उभ्या जन्मात बोललेलं हे बहुधा पहिलं खोटं असावं. ते तसंच राहू दिलं असतं तर माझं काही बिघडत नव्हतं. पण मला राहवलं नाही. "नाही," मी म्हणाले, "कारध्याच्या आत्याबाईची." कोहळ्याची गोष्ट नदीच्या दोन्ही तीरांना माहीत होती. पाहुण्यांनी उरलेले पोहे शांतपणे संपवले, चहा प्याले आणि पुन्हा आले नाहीत. दुसऱ्या स्थळाच्या वेळी आईनं मला शपथ घातली होती. त्या लोकांनी घुटीचं विचारलंच नाही. मुलानंच विचारलं, लग्नानंतर नोकरी सोडाल ना. मी म्हणाले, कायले. ते पोहेसुद्धा न संपवता गेले.

आत्याबाईला ही बातमी कारध्यात कळली. ती दुसऱ्या दिवशी आली, दुकानाच्या ओट्यावर बसली आणि वडिलांना म्हणाली, "माह्यापाई पोरीचे दोन नवरे गेले." भांडायला आली असेल म्हणून वडील तयारीत होते. ती पाणी पिऊन परत गेली.

तिसरं स्थळ तुमसर तालुक्यातलं, आंबागडचं. मुलगा शिक्षक, स्वभावानं इतका गरीब की एकदा चुकीच्या गाडीत बसला आणि कंडक्टरला त्रास नको म्हणून शेवटच्या थांब्यापर्यंत बसून राहिला. ही गोष्ट त्यानंच मला सांगितली, हसत हसत. मी विचारलं, "मग परत कसे आले?" तो म्हणाला, "चालत." मला तो तिथेच आवडला. असा माणूस मिळाला तर भांडायचं सगळं काम आपल्याकडे राहील आणि त्यात वाटेकरी नाही, हा हिशेबही मनात होताच.

त्याची आई मात्र बारकाईनं पाहणारी होती. घुटीचं खरं उत्तर ऐकून तिनं थोडा विचार केला आणि माझ्या आईला म्हणाली, "इहीनबाई, सुनेचं झालं ते झालं. पण नातवंडाची घुटी मी पाहीन. पहिलं बोट माह्या बहिणीचं. कबूल असन तर बोला." आईनं माझ्याकडे न पाहता कबूल केलं. मीही काही म्हटलं नाही. या असल्या समजुतींवर माझा विश्वास नाही, मग कोणाचं का बोट असेना, असं मला तेव्हा वाटलं होतं.

सासूबाईंची ही बहीण, माझ्या मावससासू, म्हणजे त्या बाजूच्या चुलत आजीच. फक्त कीर्ती जास्त. त्यांच्या घराण्यातल्या अकरा बाळांना त्यांचं पहिलं बोट लागलं होतं, त्यात माझा नवराही आला. त्यांच्या शांतपणाची एक गोष्ट सासूबाई प्रत्येक पाहुण्याला सांगत. घरात लग्नाची पंगत बसली होती, मावशी वाढत होत्या, आणि पत्रावळींच्या ढिगात हात घातला तर विंचू चावला. पंगत अर्धी झालेली. मावशींनी तोंडातून आवाज काढला नाही. भात वाढला, वरण वाढलं, पुन्हा भात विचारला. पंगत उठली, पत्रावळी उचलल्या, मग त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. तेव्हा कुठे लोकांनी हात पाहिला, तो कोपरापर्यंत सुजला होता.

"याले म्हंतेत स्वभाव," सासूबाई म्हणत. मावशी तिथेच कुठेतरी तांदूळ निवडत असत. त्या वर पाहत नसत.

लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी मी बाळंतपणाला अड्याळला आले. मुलगी झाली. पाचवी झाली. त्याच दिवशी सासूबाई आणि मावशी आंबागडहून येऊन पोहोचल्या. आणि का कोण जाणे, आत्याबाईही आली. बारशाची वाट न पाहता, आगंतुक. मी तिला विचारलं तर म्हणाली, "नुस्ती पाहाले आली. मी बोलत नाही, तू घाबरू नोको." आणि भिंतीशी जाऊन हात मांडीखाली घालून बसली.

मी पोरीकडे पाहत होते. पाच दिवसांचं मांस, तोंड म्हणजे एक लाल ठिपका. आणि माझ्या मनात काय आलं ते मी इतके दिवस कोणाला सांगितलं नाही. माझा विश्वास नव्हता ना? तो अविश्वास पार उडाला. मला त्या विंचवाची भीती वाटली. ही उद्या मोठी होईल, हिला काही चावेल आणि ही पंगत उठेपर्यंत भात विचारत फिरेल. मी आयुष्यभर ज्या घुटीच्या नावानं बोलणी खाल्ली, ती माझ्या पोरीला मिळणार नाही म्हणून मला रडू येऊ लागलं. आईला वाटलं, बाळंतिणीला येतं तसं आहे. मी सासूबाईंना काही म्हणू शकत नव्हते, कारण शब्द दिला होता आणि देताना मी तिथेच बसले होते. सगळ्यांशी भांडणारी मी त्या एका दिवशी गप्प होते.

दुसऱ्या दिवशी सुईणीनं पोरीला आंघोळ घातली, शेक दिला, गुंडाळलं. सहाण मांडली. हिरड्याचे दोन वेढे, जायफळाचा एक, वेखंडाचा अर्धा. सासूबाईंनी सहाण उचलून मावशींच्या पुढे ठेवली. "हं, लाव बोट."

मावशींनी बोट लावलं नाही.

"लाव ना. पोट्टी उपाशी आहे."

मावशी खाली पाहून काहीतरी म्हणाल्या. त्यांचं बोलणं ऐकायची कोणाला सवयच नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "काय?" सुईण म्हणाली, "पानी पायजे का?" माझी आई पाणी आणायला उठलीसुद्धा.

"मी नाही पाजत," मावशी पुन्हा म्हणाल्या. या वेळी सगळ्यांना ऐकू गेलं.

"काहून?" सासूबाई विचारत्या झाल्या. त्यांचा आवाज बहिणीला पहिल्यांदाच काही विचारत असल्यासारखा आला, आणि तसंच असावं.

"अकरा झाले. कोनं मले इचारलं का, तुह्या मनात आहे का म्हनून? 'या, लावा बोट' म्हनलं, का लावलं." मावशी बोलताना सहाणेकडेच पाहत होत्या. "तू साऱ्या गावाले सांगते विंचवाचं. मी काहून नाही बोलली, हे एकानं तरी इचारलं? मले वाटलं, बोलली तर पंगत मोडन अन् सारे मलेच बोलतीन. म्हनून नाही बोलली. स्वभाव गिभाव काही नाही. भेव होतं. हे भेव मी पोरीले पाजू का?"

 चुलीवरचं पाणी उकळत होतं ते उतरवायचंही कोणाला सुचलं नाही.

"तिले बोलता आलं पायजे," मावशी म्हणाल्या आणि हनुवटीनं भिंतीकडे दाखवलं. "त्या कारध्याच्या बाईले द्या."

सगळ्यांनी आत्याबाईकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही उठेल आणि सगळ्यांना एकेक करून सोलून काढेल. पंचवीस वर्षांची बाकी होती तिची.  पण तिनं मांडीखालचे हात काढले, पाहिले आणि परत घातले.

"मी कायले," ती म्हणाली. "नोको बापा. हिचे दोन गेले माह्यापाई. या पोरीचे किती जातीन."

"गेले ते बरंच झालं, आत्याबाई," मी म्हणाले. माझा आवाज भांडणाचाच निघाला. "तू ये अथी, पोरीपाशी."

ती सासूबाईंकडे पाहू लागली. सासूबाई बहिणीकडे पाहत होत्या. चाळीस-पन्नास वर्षं जिच्याबद्दल बोलल्या तिला त्या आता पाहत होत्या. मग त्यांनी सहाण उचलली आणि स्वतःच्या हातानं आत्याबाईपुढे नेऊन ठेवली.

आत्याबाईनं हात धुतले. परत धुतले. सहाणेपाशी बसली, घुटीला बोट लावून पाहिलं, आणि तिचा जीव तिथे भांड्यात पडला. "हे काय घोटलं? तुमचं बोलनं होईपर्यंत वाळून गेलं सारं. अन् वेखंड कोनं इतकं उगाळलं? अर्धा वेढा म्हंजे अर्धा, का अख्खं कांडं घासाचं?" सुईण म्हणाली, मी वीस वर्षं घासून राहिली. आत्याबाई म्हणाली, मंग वीस वर्षं चुकून राहिली. दोघींची जुंपली. सहाण धुतली गेली, माझं दूध पुन्हा घेतलं, हिरडा पुन्हा उगाळला, वेढे आत्याबाईनं मोठ्यानं मोजले. पोरगी रडून लाल झाली. माझी आई देवाला हात जोडून उभी. मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यांना हसताना पाहिलेलं मला आठवत नव्हतं.

मग आत्याबाईनं बोट घुटीत बुडवलं आणि पोरीच्या ओठांपाशी नेलं. तिथे ते थांबलं.  माझ्या तोंडात विचारल्याशिवाय बोट घालणाऱ्या त्या बाईनं माझ्याकडे पाहून विचारलं, "पाजू ना?"

मी आयुष्यात पहिल्यांदा कायले म्हटलं नाही. "पाज," म्हणाले.

पोरीनं तोंड वाकडं केलं, अर्धं बाहेर काढलं, मग बोट धरून ठेवलं आणि सोडेना. आत्याबाई डोळे पुसत नव्हती कारण दुसरा हात तिनं पोरीच्या डोक्याखाली घातला होता. घुटी संपली तेव्हा पोरीनं असा टाहो फोडला की दुकानातलं गिऱ्हाईक आत डोकावून गेलं.

"झालं," सासूबाई म्हणाल्या. "लागू झाली."

हे सगळं मला शिबिरातल्या त्या कोऱ्या कागदापुढे आठवलं. पंधरा मिनिटं झाली होती आणि बाकीच्यांनी प्रार्थना, सुविचार, थोरांच्या गोष्टी, स्वच्छता असं भराभर लिहून टाकलं होतं. शेजारच्या गुरुजींनी माझ्या कागदात पाहून घ्यावं म्हणून मान लांब केली आणि तिथे काहीच नाही पाहून ते निराश झाले. शेवटी मी चार ओळी लिहिल्या. लिहिलं की, मुलांना काहीही द्यायच्या आधी देणाऱ्याला विचारावं, तुमच्यात जे आहे ते पुढे जावं असं तुम्हाला वाटतं का. हो म्हणाला तर त्याला बोट लावू द्यावं. नाही म्हणाला तर त्याचं तेही ऐकून घ्यावं, कारण तो पहिल्यांदाच बोलत असेल.

दुसऱ्या दिवशी कागद परत आले. माझ्या कागदावर साहेबांनी लाल शाईनं लिहिलं होतं, 'उत्तर विषयाला सोडून आहे.' साहेब फळ्यापाशी उभे होते आणि नवा शब्द लिहायच्या बेतात होते. मी कागद हातात घेऊन उठू लागले.

"बसा ना, बाई," शेजारचे गुरुजी हळूच म्हणाले. "कायले?"

आत्याबाई तेव्हा नदीपलीकडे कारध्यात होती, धडधाकट, आणि आता नात्यात बाळ झालं की तिला सहाव्या दिवसाचा निरोप जात होता. मी उभी राहिले आणि हात वर केला.